फोनची स्क्रीन पारखून कशी घ्यावी : पहिल्यांदा फोन निवडणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नवा स्मार्टफोन घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाच्या कानावर सर्वांत आधी स्क्रीनचे आकडे पडतात. ‘सहा पॉइंट सात इंच, एकशेवीस हर्ट्झ, साडेचार हजार निट्स’ असे विक्रेता एका दमात सांगतो आणि ग्राहक मान डोलावतो, कारण प्रत्येक आकडा मोठा असतो आणि मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू असे आपण गृहीत धरतो. नातेवाइकांना आणि ओळखीच्या लोकांना फोन निवडून देण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. फोन घेतल्यानंतर ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतील बहुतेक स्क्रीनच्याच असतात : उन्हात काही दिसत नाही, फोन एका हातात मावत नाही, रात्री वाचताना डोके दुखते आणि काच फुटल्यावर दुरुस्तीचा खर्च ऐकून घाम फुटतो. या चारही गोष्टी पैसे देण्यापूर्वी तपासता येतात. त्या कशा तपासायच्या, याचा क्रम पुढे दिला आहे.

आधी जवळ काय असावे

- आपला सध्याचा फोन. तुलनेसाठी तो सर्वांत उपयोगी पडतो, आणि सहाव्या पायरीतील चाचणीसाठी त्याचा कॅमेराही लागतो.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी मोजपट्टी.
- काळा, पांढरा, करडा, लाल, हिरवा आणि निळा अशा सहा सपाट रंगांची चित्रे. ती आपल्या फोनवर जपून ठेवावीत, म्हणजे ब्लूटूथने दुकानातील नमुना फोनवर पाठवता येतात.
- आपण रोज वाचतो अशा एखाद्या मराठी वृत्तपत्राच्या ई-पेपरचा पत्ता.
- चष्मा असेल तर चष्मा, आणि पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तोही.
- खरेदीच्या वेळी घ्यायची कागदपत्रे : आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) छापलेले जीएसटी बिल, वॉरंटीची लेखी माहिती आणि स्क्रीन विमा घेतला असेल तर त्याच्या अटी.

१. इंच बाजूला ठेवा, रुंदी मोजा

खोक्यावर लिहिलेले इंच म्हणजे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतर असते. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनच्या माहितीत हेच माप बहुधा सेंटिमीटरमध्येही दिलेले असते, ६.६७ इंचांच्या स्क्रीनपुढे १६.९४ सेंटिमीटर असे दिसते ते यामुळेच. स्क्रीनची लांबी-रुंदी एकाच प्रमाणात वाढत असती, तर हे तिरके माप पुरेसे ठरले असते. गेल्या काही वर्षांत मात्र स्क्रीन रुंद होण्याऐवजी उंच होत गेली आहे, आणि त्यामुळे हा आकडा ग्राहकाची दिशाभूल करतो.

थोडा इतिहास पाहिला की हे लक्षात येते. २००७ च्या पहिल्या आयफोनची स्क्रीन ३.५ इंचांची होती. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट आणला, तेव्हा एवढा मोठा फोन कोण वापरणार असा प्रश्न अनेकांनी विचारला, कारण त्याची रुंदी सुमारे ८३ मिलिमीटर होती. २०१४ मध्ये आयफोन ६ प्लसने ५.५ इंचांचा टप्पा गाठला. त्यानंतर २०१६ चा शाओमी मी मिक्स, २०१७ चे एलजी जी६ आणि गॅलेक्सी एस८ या फोनपासून कडांच्या पट्ट्या आक्रसू लागल्या आणि १६:९ हे उंची आणि रुंदीचे जुने प्रमाण मोडून १८:९, पुढे १९.५:९ आणि २०:९ अशा उंच स्क्रीन आल्या. २०२४ चा ६.९ इंचांचा आयफोन १६ प्रो मॅक्स ७७.६ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे इंचांच्या हिशेबात कितीतरी मोठा असूनही तो त्या पहिल्या नोटपेक्षा अरुंदच आहे.

आता हिशेब करून पाहू. १६:९ प्रमाणाची जुनी ५.५ इंची स्क्रीन ६८.५ मिलिमीटर रुंद आणि सुमारे १२२ मिलिमीटर उंच असते. २०:९ प्रमाणाची नवी ६.७ इंची स्क्रीन जवळपास ७० मिलिमीटर रुंद आणि १५५ मिलिमीटर उंच असते. इंच १.२ ने वाढले, पण रुंदीत जेमतेम दीड मिलिमीटरची भर पडली. वाचताना ओळीत किती शब्द मावणार हे रुंदीवर ठरते, त्यामुळे मोठ्या फोनवर अक्षरे मोठी दिसतील ही अपेक्षा पूर्ण होत नाही. फक्त खाली-वर जास्त ओळी दिसतात. व्हिडिओचेही तसेच आहे. बहुतेक व्हिडिओ अजून १६:९ प्रमाणातच असतात. फोन आडवा धरला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, आणि ६.७ इंची स्क्रीनवर प्रत्यक्ष चित्र सुमारे ५.६ इंचांचेच भरते.

घरबसल्या वापरायचे सूत्र सोपे आहे. स्क्रीन २०:९ प्रमाणाची असेल तर इंचांना १०.४ ने गुणावे, १९.५:९ असेल तर १०.६ ने आणि जुनी १६:९ असेल तर साधारण १२.५ ने, आलेला आकडा म्हणजे स्क्रीनची रुंदी, मिलिमीटरमध्ये. हातात फोन मावेल की नाही यासाठी मात्र संपूर्ण फोनची रुंदी पाहावी, आणि ती कंपनीच्या माहितीपत्रकात असते. माझ्या मते ७२ मिलिमीटरपर्यंतचा फोन बहुतेकांना एका हाताने वापरता येतो, ७५ पर्यंत थोडी कसरत होते, आणि त्यापुढे दुसरा हात लागतोच. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने फोन वापरणाऱ्यांनी हा मुद्दा सर्वांत वर ठेवावा. संरक्षक कव्हर रुंदीत आणखी दोन-तीन मिलिमीटर घालते, हेही विसरू नये.

खरोखर लहान फोन हवा असणाऱ्यांपुढे आता फारसे पर्याय उरलेले नाहीत, आणि याचे मला वाईट वाटते. ॲपलने २०२० आणि २०२१ मध्ये ५.४ इंचांचे मिनी फोन काढले आणि पुढच्याच पिढीपासून ती मालिका थांबवली. सध्या लहान फोन म्हणजे ६.१ ते ६.३ इंचांचा, आणि तोही मुख्यतः महागड्या गटात.

२. एलसीडी की ओएलईडी, हे ठरवा

स्क्रीनची ही दोन कुळे आहेत. एलसीडी स्क्रीनमध्ये मागून एक पांढरा दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचा द्रव-स्फटिकांचा थर तो प्रकाश कमी-जास्त अडवतो. अडवणे कधीच पूर्ण होत नाही, म्हणून काळा रंग अंधाऱ्या खोलीत करडा दिसतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू (पिक्सेल) स्वतः प्रकाश देतो आणि काळ्या जागी तो सरळ विझतो. ॲमोलेड, सुपर ॲमोलेड, पीओलेड ही सर्व ओएलईडीच्याच घराण्यातील नावे आहेत; नावातील फरकामुळे जास्त पैसे देऊ नयेत.

नोकियाच्या २००८ च्या एन८५ मध्ये आणि २०१० च्या पहिल्या गॅलेक्सी एसमध्ये ॲमोलेड स्क्रीन होती. ॲपलने २०१७ मध्ये आयफोन टेनपासून ओएलईडी स्वीकारली आणि २०२५ मध्ये १६ई आल्यावर आयफोनच्या चालू मालिकेतून एलसीडी पूर्णपणे गेली. भारतात २०१९ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एम३० ॲमोलेड स्क्रीनसह १४,९९० रुपयांपासून विकायला आणला, आणि तेव्हापासून मध्यम किमतीत हे तंत्र झपाट्याने उतरले. स्वस्त गटात अजूनही एलसीडीचेच राज्य आहे.

ओळखायचे कसे? काळे चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडावे आणि दोन्ही तळहातांनी फोनभोवती आडोसा करावा. करडी झाक दिसली, विशेषतः कडांना, तर ती एलसीडी आहे. स्क्रीन आणि तिच्या भोवतीची काळी पट्टी यांतील सीमाच दिसेनाशी झाली, तर ती ओएलईडी.

सर्वांसाठी ओएलईडीच चांगली, असे मी म्हणणार नाही. तिच्यातील बिंदू वापराने झिजतात, आणि निळे बिंदू इतरांपेक्षा लवकर झिजतात. एकच स्थिर चित्र तासन्‌तास पूर्ण उजेडात राहिले, तर त्याचा फिका ठसा कायमचा उमटतो. दिवसभर डॅशबोर्डवर नकाशा चालू ठेवणारे टॅक्सीचालक, घरपोच माल देणारे कर्मचारी किंवा दुकानात क्यूआर कोड कायम उघडा ठेवणारे व्यापारी यांना एक चांगली एलसीडी अधिक काळ साथ देईल. ओएलईडीत उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ कायमची येण्याचा दोषही भारतात बराच चर्चेत राहिला आहे. काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलांसाठी अशी स्क्रीन मोफत बदलून देण्याच्या योजना जाहीर केल्या आहेत. आपण घेत असलेल्या मॉडेलला अशी योजना लागू आहे का, हे विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर न सोडता कंपनीच्या संकेतस्थळावर वाचावे.

डार्क मोडने बॅटरी वाचते हे ओएलईडीबाबत खरे आहे, पण किती ते उजेडावर अवलंबून असते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात ३० ते ५० टक्के उजेडावर ही बचत सरासरी ३ ते ९ टक्केच आढळली, आणि पूर्ण उजेडावर ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे घरात बसून डार्क मोड लावणाऱ्याला फारसा फरक जाणवणार नाही. तो जाणवेल बाहेर उन्हात. एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, त्यामुळे तेथे बॅटरीची बचत जवळपास होत नाही.

३. बिंदूंची दाटी तपासा, आणि ती देवनागरी वाचून तपासा

येथे सर्वांत मोठा सापळा आहे. स्वस्त गटात ६.७ इंचांची प्रचंड स्क्रीन मिळते, पण तिचे रिझोल्यूशन, म्हणजे रुंदी आणि उंचीतील बिंदूंची संख्या, अनेकदा ७२० गुणिले १६०० बिंदू इतकेच असते. जाहिरातीत त्याला ‘एचडी प्लस’ म्हणतात आणि नावावरून ते भारी वाटते. तेवढ्याच आकाराची ‘फुल एचडी प्लस’ स्क्रीन १०८० गुणिले २४०० बिंदूंची असते. पहिल्या स्क्रीनवर एका इंचात सुमारे २६२ बिंदू बसतात, तर दुसरीवर सुमारे ३९३. २०१० मध्ये आयफोन ४ सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितले होते की फोन डोळ्यांपासून दहा-बारा इंचांवर धरला तर इंचाला ३०० बिंदूंच्या आसपास सुटे बिंदू दिसेनासे होतात. म्हणजे ७२० ची मोठी स्क्रीन या मर्यादेच्या खाली राहते.

इंग्रजी मजकुरात हा फरक चटकन जाणवत नाही. देवनागरीत जाणवतो, कारण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार असा मजकूर तीन मजल्यांवर बसतो, आणि मधल्या मजल्यावर जोडाक्षरांची गर्दी असते. दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षराला २६२ च्या स्क्रीनवर उभे सुमारे २० बिंदू मिळतात आणि ३९३ च्या स्क्रीनवर सुमारे ३१. ‘उद्ध्वस्त’मधील द, ध आणि व यांची गाठ किंवा ‘कर्तृत्व’मधील वरचा रफार आणि खालचा ऋकार वीस बिंदूंत बसवताना कडा विरघळतात. दुकानात ई-पेपरचे पान उघडावे, ते फार मोठे न करता बारीक मजकुराचा एक परिच्छेद वाचावा, आणि मग तोच परिच्छेद दुसऱ्या फोनवर वाचावा. घरातील वयस्कर माणसांसाठी फोन घेत असाल, तर अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये मोठा करून तेच पान त्यांनाच वाचायला द्यावे.

ओएलईडीबाबत एक बारकावा आहे. बहुतेक ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक बिंदूला हिरवा उपबिंदू मिळतो, पण लाल आणि निळे उपबिंदू निम्मेच असतात. त्यामुळे आकड्याने सारख्या दिसणाऱ्या दोन स्क्रीनपैकी एलसीडीवरील अक्षरांची कड थोडी अधिक रेखीव भासू शकते. फुल एचडी प्लस ओएलईडीत ही उणीव सहसा डोळ्यांना कळत नाही. त्याहून पुढच्या, आणखी जास्त बिंदूंच्या क्यूएचडी स्क्रीनसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही.

४. निट्सचे आकडे अटींसह वाचा

निट हे उजेडाचे एकक आहे. एक निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला. जाहिरातीतील सर्वांत मोठा निट्सचा आकडा ‘पीक ब्राइटनेस’ म्हणून दिलेला असतो, आणि तो स्क्रीनच्या अगदी लहान भागावर, बहुधा एचडीआर (उजेड आणि अंधारातील मोठा फरक दाखवणाऱ्या) व्हिडिओतील एखाद्या झगमगत्या ठिपक्यापुरता मिळतो. वनप्लस १२ चे उदाहरण घेता येईल. त्याचा पीक आकडा ४५०० निट्सचा सांगितला गेला, पण उन्हात संपूर्ण स्क्रीन उजळण्याचा, म्हणजे हाय ब्राइटनेस मोडचा आकडा १६०० होता. आपल्या कामाचा आकडा हा दुसरा असतो. माहितीपत्रकात फक्त पीक आकडा असेल आणि दुसरा कोठेच नसेल, तर सावध व्हावे. माझ्या मते बाहेर काम करणाऱ्याने संपूर्ण स्क्रीनचा उजेड ८०० ते १००० निट्सपेक्षा कमी असलेला फोन घेऊ नये. ५०० निट्सच्या एलसीडीवर दुपारी बाराला शेतात उभे राहून ओटीपी वाचणे अवघड जाते.

दुकानात नमुना फोन पूर्ण उजेडावर ठेवलेले असतात आणि छत पांढऱ्या दिव्यांनी भरलेले असते. तेथे प्रत्येक स्क्रीन सुंदर दिसते. विक्रेत्याला विनंती करून फोन दारापर्यंत न्यावा, उन्हात धरावा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा मजकूर वाचून पाहावा. त्यापूर्वी स्वयंचलित उजेडाची सोय चालू आहे ना, हे पाहावे. अनेक फोनमध्ये उन्हातला वाढीव उजेड ही सोय चालू असेल तरच मिळतो. ती बंद ठेवणारे लोक उजेडाची पट्टी शेवटपर्यंत सरकवतात आणि तरीही स्क्रीन अंधुक आहे म्हणून तक्रार करतात.

दोन गोष्टी आकड्यांत दिसत नाहीत. पहिली म्हणजे काचेवरचे प्रतिबिंब. २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रामध्ये प्रतिबिंब कमी करणारी काच वापरली गेली आणि तुलनेने कमी निट्स असूनही ती स्क्रीन उन्हात स्पष्ट वाचता येते. दुसरी म्हणजे उष्णता. फोन तापला की तो स्वतःच स्क्रीनचा उजेड कमी करतो. विदर्भात मे महिन्यात भर दुपारी फोन बाहेर वापरणाऱ्यांना हा अनुभव नक्की येतो, आणि त्यात स्क्रीनचा दोष नसतो. अशा वेळी जाड कव्हर काढून फोन सावलीत थंड होऊ द्यावा. पोलराइज्ड गॉगल लावणाऱ्यांनी फोन उभा आणि आडवा अशा दोन्ही स्थितींत पाहून घ्यावा, कारण काही स्क्रीन एका विशिष्ट कोनात काळवंडतात.

५. हर्ट्झ : दोन वेगळ्या आकड्यांची गल्लत करू नका

रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवे चित्र काढते तो आकडा. ६० आणि ९० हर्ट्झमधील फरक बहुतेकांना सरकत्या यादीत दिसतो, ९० आणि १२० मधील फार कमी जणांना. खोक्यावर कधी कधी २४० किंवा त्याहूनही कितीतरी मोठा हर्ट्झचा आकडा असतो. तो बहुधा टच सॅम्पलिंगचा, म्हणजे बोटाचा स्पर्श किती वेळा तपासला जातो याचा असतो. चित्राच्या सफाईशी त्याचा संबंध नाही.

महागड्या फोनमध्ये एलटीपीओ नावाचे तंत्र असते. ते स्थिर मजकुरासाठी दर १ हर्ट्झपर्यंत खाली आणते आणि सरकताना १२० वर नेते, त्यामुळे बॅटरी वाचते. स्वस्त फोनमध्ये १२० हर्ट्झ असले तरी ही लवचीकता नसते. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत चालू दर स्क्रीनवर दाखवण्याची सोय असते. ती सुरू करून आपली नेहमीची ॲप खरोखर किती दराने चालतात हे पाहता येते.

६. डोळ्यांना त्रास होत असेल तर लुकलुक तपासा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. ज्यांना फोनवर वाचताना डोके दुखण्याचा अनुभव आहे, त्यांनी ती गाळू नये.

बहुतेक ओएलईडी स्क्रीन कमी उजेडात अतिशय वेगाने उघडझाप करून अंधुकपणा साधतात. डोळ्यांना ती उघडझाप दिसत नाही, पण काही माणसांना तिच्यामुळे डोकेदुखी, डोळ्यांवर ताण किंवा मळमळ जाणवते. या तंत्राला पीडब्ल्यूएम म्हणतात. अनेक वर्षे सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ही वारंवारता २४० हर्ट्झच्या आसपास, तर ॲपलच्या ओएलईडी फोनमध्ये ४८० च्या आसपास राहिली. अलीकडे काही कंपन्या १९२०, २१६० किंवा ३८४० हर्ट्झपर्यंत गेल्या आहेत. एलईडी दिव्यांच्या लुकलुकीविषयी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये जे मार्गदर्शन दिले, त्यानुसार पूर्ण उघडझाप करणारा प्रकाश १२५० हर्ट्झच्या वर कमी धोक्याचा आणि ३००० च्या वर निर्धोक मानला जातो. ते मार्गदर्शन दिव्यांसाठी असले, तरी फोनची तुलना करताना त्याचा आधार घेता येतो.

चाचणी अशी करावी : नव्या फोनवर पांढरे चित्र उघडून उजेड २० टक्क्यांवर आणावा. आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड निवडून शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा आणि नव्या फोनच्या स्क्रीनकडे रोखावा. रुंद, गडद काळे पट्टे सरकताना दिसले तर वारंवारता कमी आणि उघडझाप खोल आहे. बारीक, फिक्या रेषा दिसल्या किंवा काहीच दिसले नाही तर उत्तम. सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ किंवा ‘डीसी डिमिंग’ असा पर्याय असेल, तर तो सुरू करून पुन्हा पाहावे. एवढे करूनही त्रास झाला, तर चांगली एलसीडी हाच खात्रीचा उपाय आहे, आणि तो घेण्यात कमीपणा मानू नये.

७. काच, वळलेल्या कडा आणि घडीचे फोन

गोरिला ग्लास, सिरॅमिक शील्ड ही नावे काचेची ताकद सांगतात, पण पडल्यावर न फुटणे आणि ओरखडा न पडणे हे दोन वेगळे गुण आहेत. साध्या वाळूतील क्वार्ट्झ फोनच्या काचेपेक्षा कठीण असते, म्हणून खिशात वाळूचा एक कण असला तरी महागड्या काचेवर रेघ उमटते. टेम्पर्ड ग्लास लावावीच. स्क्रीनच्या कडा वळलेल्या असतील, तर ती नीट चिकटत नाही, कडेला हवा धरते, आणि यूव्ही गोंदाने (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या) लावावी लागली तर खर्च वाढतो. दिसायला मोहक असल्या तरी वळलेल्या कडा पहिल्यांदा फोन घेणाऱ्याने टाळाव्यात. कोकणासारख्या भरपूर पावसाच्या भागात राहणाऱ्यांनी ओल्या बोटानेही स्क्रीन चालवून पाहावी. काही फोनमध्ये स्पर्श भरकटतो.

घडीच्या फोनची वाटचाल वेगाने होत आहे. २०१९ च्या पहिल्या गॅलेक्सी फोल्डची आतली स्क्रीन ७.३ इंचांची आणि प्लॅस्टिकच्या थराची होती. २०२० च्या झेड फ्लिपमध्ये अतिपातळ काच आली. २०२४ मध्ये ह्वावे या चिनी कंपनीने दोन ठिकाणी घडी होणारा, तीन भागांचा १०.२ इंचांचा फोन विक्रीला आणला. २०२५ च्या झेड फोल्ड ७ मध्ये आतली स्क्रीन ८ इंचांची झाली. तरी विकत घेण्यापूर्वी धुळीचे मानांकन अवश्य पाहावे. आयपी४८ असे लिहिले असेल, तर त्यातील ४ चा अर्थ फक्त एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण अडवले जातात, बारीक धूळ अडतेच असे नाही. रस्त्यावर, शेतात किंवा बांधकामावर काम असेल, तर सध्या घडीचा फोन घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

८. व्हिडिओचा परवाना

स्क्रीन कितीही उत्तम असली, तरी फोनला वाइडवाइन या व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या (डीआरएम) गूगलच्या तंत्राचा ‘एल१’ स्तर नसेल तर अनेक ओटीटी सेवा त्यावर फक्त कमी दर्जाचे चित्र देतात. प्ले स्टोअरवरील डीआरएमची माहिती दाखवणाऱ्या मोफत ॲपमध्ये हा स्तर दिसतो. ‘एल३’ दिसले, तर फुल एचडी स्क्रीनचे पैसे व्हिडिओपुरते वाया गेले असे समजावे.

९. जुना किंवा दुरुस्त केलेला फोन घेत असाल तर

दुरुस्तीच्या बाजारात संपूर्ण स्क्रीनला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात, आणि तो ‘ओरिजिनल’ व ‘कॉपी’ अशा अनेक प्रतींत मिळतो. मूळ ॲमोलेड फुटल्यावर तिच्या जागी स्वस्त एलसीडी कॉपी बसवून फोन विकला जातो. ओळखण्याच्या खुणा अशा : काळे चित्र करडे दिसते, स्क्रीन चौकटीपासून किंचित उचललेली वाटते, कडेची काळी पट्टी जाड होते, आणि मुख्य म्हणजे स्क्रीनखालील बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर चालत नाही. प्रकाशावर चालणारा हा सेन्सर ओएलईडीतूनच बोट पाहू शकतो. विक्रेता ‘सेटिंगमध्ये बंद आहे’ म्हणाला, तर समोर सुरू करून दाखवायला सांगावे. आयफोन ११ आणि त्यापुढील बहुतेक आयफोनमध्ये सेटिंगमधील ‘अबाउट’ या भागात स्क्रीन बदलली असल्याची नोंद मिळते.

त्यानंतर करडे चित्र मध्यम उजेडात उघडून जुन्या ठशाच्या खुणा शोधाव्यात. त्या बहुधा वरच्या सूचनापट्टीच्या आणि खालच्या बटणांच्या जागी असतात. लाल, हिरवे आणि निळे चित्र उघडून मेलेले बिंदू पाहावेत. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये *#०*# असे डायल केले की रंगांची चाचणी आपोआप उघडते.

१०. पैसे देण्यापूर्वी आणि त्यानंतर

अधिकृत सेवा केंद्राला फोन करून त्या मॉडेलची स्क्रीन बदलण्याचा खर्च विचारावा. ओएलईडी, विशेषतः वळलेल्या कडांची, बदलायला फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा जाऊ शकतो. हा आकडा ऐकून मगच स्क्रीन विमा घ्यायचा की नाही ते ठरवावे, आणि विमा घेतलाच तर तो किती वेळा लागू होतो व प्रत्येक वेळी आपल्याला किती रक्कम भरावी लागते हे लेखी घ्यावे. कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत फुटलेली काच बसत नाही.

फोन ऑनलाइन मागवला असेल, तर खोके उघडण्यापासून फोन सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढावा. पहिल्याच दिवशी सहाही रंगांची चित्रे लावून स्क्रीन तपासावी, कारण बदलून देण्याची मुदत थोडक्या दिवसांची असते. दोष आढळला तर अनेक विक्रेते सेवा केंद्राचे ‘डीओए’ प्रमाणपत्र मागतात. म्हणजे फोन आला तेव्हाच सदोष होता असे लेखी. ते मुदतीच्या आत मिळवावे लागते, म्हणून शनिवार-रविवारची वाट पाहू नये. सेवा केंद्रात फोन देताना जॉबशीटवर (दुरुस्तीसाठी फोन घेतल्याच्या पावतीवर) दोषाचे नेमके वर्णन, आयएमईआय आणि तारीख लिहून घ्यावी; ‘स्क्रीनचा प्रॉब्लेम’ एवढेच लिहिले असेल तर ‘डाव्या कडेला उभी हिरवी रेघ, काचेवर बाहेरून इजा नाही’ असे दुरुस्त करून घ्यावे आणि जॉबशीटचा फोटो काढावा. विक्रेता आणि सेवा केंद्र एकमेकांकडे बोट दाखवू लागले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि त्या वेळी बिल, जॉबशीट व सुरुवातीचा व्हिडिओ हे तिन्ही हाताशी ठेवावेत.